भाकरी निवली

जांबे गावात सारजाबाईंना त्यांचा भाडेकरू निरंजन याने मोबाइलवर एक मांजर दाखवलं. मांजर तोंड हलवत होतं आणि आवाज बाईचा होता, "भाकरी निवली. येताय न्हवं?"

आवाज सारजाबाईंचाच होता. पण भिवाजी, त्यांचे यजमान, वारल्यापासून हे त्या फक्त मनात म्हणायच्या.

"ह्ये कुनी बोललंय?"

"काय माहीत, मावशी. सगळीकडे फिरतंय."

हळूहळू भाजीवालाही तेच म्हणू लागला. कुणी मांजराच्या जागी बैल लावला, कुणी नवरदेव. आवाज मात्र तोच. सारजाबाईंना काही उमजेना; मनातसुद्धा बोलायची धास्ती वाटू लागली.

एका दुपारी निरंजन हसत आला. "मावशी, कुणीतरी उत्तर जोडलंय."

त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं. भिवाजींचा आवाज आला,

"सारजे, दारात हाय. कडी काढ."