पांढऱ्या कागदाखालचं नाव

मुलांनो, डोळे मिटून बघा: उत्तर इंग्लंडमधला हॉल, रविवारची दुपार. पाय सरसर घसरावेत म्हणून जमिनीवर पावडर टाकून लोक ‘सोल’ नावाच्या जुन्या अमेरिकन गाण्यांवर गिरक्या घेत आहेत. तबकड्या लावतात ओवीचे आजोबा.

त्यांच्या सगळ्यात लाडक्या तबकडीवरचं गाण्याचं नाव त्यांनी पांढरा कागद चिकटवून झाकलंय. ते कळलं, तर दुसरे डीजेही ती शोधून वाजवतील ना!

"चाळीस वर्षं छळलंस," त्यांचा दोस्त फ्रँक म्हणाला. तोही डीजेच. "उद्या मी कायमचा लेकीकडे चाललो. आता तरी नाव सांग, कंजूष माणसा!"

"सांगतो की!" म्हणत आजोबांनी डोकं खाजवलं. "अरे देवा, मीच विसरलो!"

फ्रँकचा चेहरा पडला. शेजारी उभ्या ओवीनं रुमाल पाण्यात भिजवला आणि कागदाचा कोपरा अलगद चोळायला घेतला.