गैरसमज

कौतिकानं पिळून पिळून पदराच्या टोकाची पार चिंधी केली होती. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून ती वकिलांनी पाठ करून घेतलेलं वाक्य मनात घोळवत होती: ‘गैरसमजातून फिर्याद दिली.’

तेवढं म्हटलं की ॲट्रॉसिटीची केस मिटणार होती आणि डेअरीत तिचं दूध पुन्हा घेणार होते. चेअरमननं गावासमोर तसा शब्द दिला होता. दाराशी उभा नवरा मघापासून खुणावत होता, उरक म्हणून.

तिनं एका दमात म्हणून टाकलं.

न्यायाधीशांनी कागदातून मान वर केली. “बाई, फिर्यादीत तर लिहिलंय की चेअरमननी जातीवरून शिवी दिली, ‘तुझं दूध आमच्यात नको’ म्हणून किटली गटारात ओतली. मग यात तुमचा गैरसमज कोणता झाला?”

हे काही वकिलांनी शिकवलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तो पायाकडे बघत होता. चेअरमनकडे पाहिलं, तो गालात हसत होता. पदर हातातून सुटला.

“सायेब,” ती म्हणाली, “मला वाटलं, दुधाला तरी जात नसंल.”