पिवळ्या भाताचं टोक

चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळी रीतीप्रमाणे अंगणात पिवळ्या भाताचा शंकू मांडला होता. त्याचं टोक कापून सगळ्यांत मानाच्या माणसाला द्यायचं, हे जावा बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. समुद्री चाच्यांच्या तावडीतून खलाशांना सोडवताना मारल्या गेलेल्या सार्जंट सुगेंगचं काम सिनेमात नट दानूर करणार होता. तो गणवेशात सुरी घेऊन उभा राहिला. समोर सुगेंगची म्हातारी आई बसली होती; सगळे तिला 'ईबू', म्हणजे आईच, म्हणत. "पोट आत घे, सार्जंट," दिग्दर्शक म्हणाला. "चाचे हसतील." हसतच दानूरने टोक कापलं आणि सवयीने निर्मात्याच्या ताटलीत ठेवलं. म्हातारीने आपली ताटली केव्हाचीच पुढे धरली होती. "ईबू, चुकलो," दानूर पुटपुटला. गणवेश त्याला टोचू लागला. तिने रिकामी ताटली मांडीवर ठेवली. "असू दे, बाळा. तेव्हाही असंच झालं होतं. गेला माझा सुगेंग, पदक मिळालं साहेबांना."