अनंताचं नवं पोहणं

काशीदच्या पाण्यात एक हात वर आला आणि गेला. टॉवरवर पहाऱ्याला असलेल्या शिवदासने शिटी फुंकली, तोवर अनंताने लाल फ्लोटचा पट्टा अडकवून लाटेत उडीसुद्धा टाकली होती. हात दिसला ती जागा किनाऱ्यापासून ऐंशी-नव्वद मीटर. ओहोटी लागलेली. वाळूवर बुडणाऱ्या माणसाची बायको किंचाळत होती, दोघीजणी तिला धरून उभ्या होत्या. अनंताची लेक पूनम तिथंच होती. तिने सवयीने मनगटावरचं घड्याळ सुरू केलं.

आणि अनंता काय सुटला म्हणता! एकवीस वर्षं या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून उभा असलेला माणूस, पण असा जाताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. तोंड पाण्यात, कोपर उंच, अंग या कुशीवरून त्या कुशीवर वळतंय. भेळवाला रघू गिऱ्हाईक सोडून बघत राहिला.

"आयला, हा पंचेचाळिसाचा हाय का पंचविसाचा?"

खरं सांगायचं तर हे पोहणं त्याचं नव्हतंच. त्याचं जुनं पोहणं म्हणजे डोकं कायम पाण्यावर, नजर बुडणाऱ्यावर, आणि दर चार हातांनी एकदा मागे वळून शिवदासकडे. शिवदास झेंडा दाखवील तिकडे जायचं. दिसायला अगदी गबाळं. पण त्याच पोहण्याने अनंताने आजवर छप्पन्न जीव बाहेर काढले होते. आणि त्याच पोहण्याने त्याचा उजवा खांदा खाल्ला होता. फळीवरचा डबा काढायचा तर बायकोला हाक मारायची वेळ आली. त्यात अलिबागच्या जलतरण तलावातली वार्षिक चाचणी तोंडावर. पन्नास मीटर चाळीस सेकंदांत, नाहीतर घरी बसा. अनंताला लागत होते सेहेचाळीस.

पूनम कॉलेजकडून पन्नास मीटरच्या शर्यतीत उतरायची. तिने बापाला तलावात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"डोकं वर ठेवतोस म्हणून कंबर बुडते, बाबा. मग सगळं ओझं ओढतो कोण? खांदा! आणि हात असा आडवा आपटू नकोस, खांद्याच्या रेषेत सरळ टाक. खाली बघ, तळाकडे."

"न बघता पोहायचं व्हय? आंधळ्यावानी?"

"तळाला काळी रेघ आहे ना? तिच्या मागं जा."

दोन महिन्यांत खांद्याची कळ गेली. चाचणीत अडतीस सेकंद लागले. बाप घरी पेढे घेऊन आला आणि त्या संध्याकाळी त्याने तो फळीवरचा डबा उगाचच तीनदा काढून ठेवला. या वयात शिकलेलं अंगात मुरत नाही म्हणतात. त्याच्या मुरलं, अगदी हाडापर्यंत मुरलं.

आता अनंताने डोकं वर काढलं तेव्हा समोर कुणीच नव्हतं. नुसतं हिरवट पाणी हलत होतं. मागे वळून पाहिलं तर शिवदासचा झेंडा त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या पाण्याकडे रोखलेला. वीस हात पुढे निघून आला होता तो. तसाच उलटा फिरला. बुड्या मारल्या, कान ठणकेपर्यंत मारल्या. मग बोट आली, कोळीवाड्यातली चार माणसं आली. तासाभराने तो माणूस खडकाजवळ सापडला. त्याच्या बायकोचा आवाज तोवर बसला होता.

पोलीस आले, कागद झाले. जो तो अनंताच्या पाठीवर हात ठेवून जात होता. समुद्रापुढं कुणाचं चालतंय, म्हणत होता. रघूने तर दोघाचौघांना ऐकवलं, असा जीव तोडून पोहणारा माणूस मी उभ्या जन्मात बघितला न्हाय. शिवदास मात्र झेंडा गुंडाळून टॉवरखाली बसून राहिला.

सुरूच्या झाडाच्या सावलीत अनंता ओल्या अंगानेच टेकला होता. पूनम शेजारी जाऊन बसली. तिने घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"एक मिनिट वीस सेकंद, बाबा. या लाटांत मीसुद्धा याच्याआधी पोचले नसते. शिवदासकाका असते तरी नाही. तुला उशीर झाला नाही रे."

अनंता घड्याळाकडे बघेना. तो आपल्या उजव्या पायाच्या घोट्यावर हात दाबून बसला होता.

"उशीर न्हायच झाला, बाय," तो म्हणाला. "तो होता तिथंच. त्याची बोटं लागली माझ्या पायाला. मला वाटलं, शेवाळ. मी आणखी जोरात पाय मारले."