दहाची बोट

“माणसाच्या आवाजापुढे बहिरेपणसुद्धा हात टेकतं,” असं आजोबांनी उभं राहून जाहीर केलं आणि नातवासमोर वीस मिनिटं भाषण केलं. नातवानं ते हूं की चूं न करता ऐकलं. घरातल्यांचे डोळे पाणावले. मग सुनेच्या लक्षात आलं, नातवाच्या नव्या कर्णयंत्रांत बॅटरी घालायचीच राहिली होती.

आजोबा एकतीस वर्षं बोटीच्या धक्क्यावर घोषणा देत होते. निवृत्तीनंतर धक्का सुटला, घोषणा सुटली नाही. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजले की ते असतील तिथून, मग ते न्हाणीघर का असेना, घसा साफ करून म्हणत, “पलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी धक्क्यावर यावे. बोट थोड्याच वेळात सुटेल.” बोटीला याचा पत्ता नसे, ती आपली सुटे. घरात तर ते घड्याळाच्या टोल्यांसारखं झालं होतं, म्हणजे कुणाच्या कानात शिरत नसे.

नातू अकरा महिन्यांचा. त्याला सगळे कप्तान म्हणत, कारण त्याच्या मर्जीशिवाय घरातलं पान हलत नसे. हृदय अधू, दूध नाकातल्या नळीवाटे, आणि कान जन्मापासून जवळजवळ बंद. डॉक्टर इतके झाले होते की नावांचा नाद सोडून घरानं त्यांना अवयव वाटून दिले होते. हृदयाचे डॉक्टर, नळीची सिस्टर, कानाच्या बाई.

कानाच्या बाईंनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. यंत्रानं थोडंफार जरी ऐकू आलं तरी कानाची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल. नाहीच आलं तर लवकर करावी लागेल, नाहीतर बोलणं मागे पडेल. हृदयाचे डॉक्टर म्हणत, वजन वाढल्याशिवाय या पोराला भूल द्यायची माझी छाती नाही. या दोघांच्या मधोमध सून उभी होती, हातात वही घेऊन.

वहीत औषधाचे थेंब, दुधाचं माप, वजन आणि शेवटी दोन रकाने. ‘प्रतिसाद’ आणि ‘तक्रार’. प्रतिसादाचा रकाना कोरा. तक्रारीचा भरून वाहत होता. ‘यंत्र ओढून काढलं.’ ‘पुन्हा काढलं.’ ‘काढून चघळलं.’ पुढे वेळ.

एकेकदा दूध द्यायला पाऊण तास लागे. सून सिरिंज उंच धरून बसे. पडद्यातून ऊन झिरपे, त्यात धुळीचे कण तरंगत, आणि दूध मुंगीच्या पावलांनी नळीतून उतरे. सगळी खोली तळ्याच्या तळाशी जाऊन बसल्यासारखी वाटे. आजी वाटीवर चमचा वाजवी. आत्या दाराआडून शिट्टी फुंके. कप्तान धुळीच्या कणांकडे पाहून हसे. सुनेला वाटे, आपण सगळे काठावर उभे राहून हात हलवतोय आणि हा एकटाच लांब पाण्यावर, पाठीवर पडून, मजेत चाललाय. त्याला हाक पोचत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. मग त्याचा इवलासा हात सावकाश कानाकडे जाई. यंत्र बाहेर. सून वेळ लिही, यंत्र पुन्हा बसवी.

“वायसर नीट बसत नसणार,” नवरा म्हणे. तो नळदुरुस्तीचं काम करी. जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ त्याच्या मते तिथेच होतं.

मुदत संपली त्या दिवशी आजी-आजोबा, सून आणि कप्तान कानाच्या बाईंच्या खोलीत बसले होते. बाईंनी कोरा रकाना पाहिला. सून खिडकीबाहेर बघू लागली. मग बाई दुसरा रकाना वाचू लागल्या. फार वेळ वाचत राहिल्या.

“दहा वाजून दोन मिनिटं. एक वाजून तीन. चार वाजून एक. रोज याच वेळा?”

“रोज. रविवारी तेवढं काढत नाही.”

“रविवारी बोट नसते,” आजी म्हणाली, आणि आजोबांकडे बघू लागली.

बाईंनी सगळं विचारून घेतलं. मग आजोबांना कप्तानाच्या पाठीमागे, दाराशी उभं केलं. “रोजचंच म्हणा.” आजोबांनी घसा साफ केला. “पलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी…”

कप्तानाचा हात सावकाश वर गेला. आधी उजवं यंत्र निघालं, मग डावं. ते बाजूला टाकून तो पुन्हा हसू लागला.

“त्याला आवडत नाहीये,” सून म्हणाली. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“आवडलंच पाहिजे अशी अट नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी प्रतिसादाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं. “तपासणी करून पक्कं करू. पण ऑपरेशनची घाई नको आता. आधी वजन वाढू दे.”

आजोबा खुर्चीत बसले, आणि लगेच उठले. एवढं मन लावून आपली घोषणा आजवर एकाही प्रवाशानं ऐकली नव्हती, असं त्यांनी जमलेल्या सर्वांना कळवलं.

आजीनं टेबलावरचं ते शेंगदाण्याएवढं यंत्र उचलून तळहातावर घेतलं. ओल्या डोळ्यांनी बराच वेळ बघितलं. मग बाईंच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, “बाई, असं काढून ठेवण्यासारखं काही मलाही मिळेल का? दिवसातून तीनदाच लागेल.”