पहिल्या प्रतीचा माल

हरणाबाईनं परातीवरचं फडकं काढलं आणि राजवर्धन सामानासोबतचा कागद वाचता वाचता थांबला.

परातीत द्राक्षांच्या साली होत्या. परवा त्यानं दिल्या तेव्हा काळ्याभोर होत्या, रसात बुडालेल्या. आता त्या सुटसुटीत पसरल्या होत्या आणि त्यांचा रंग फिकट पिवळा झाला होता.

"एक काळी ऱ्हायली न्हाई बघा, दादा," हरणाबाई म्हणाली. "जाळीवर निथळल्या, मग काल दिवसभर गंधकाची धुरी दिली. दोनदा पालटल्या. लय हट्टी माल व्हता."

बेदाण्याच्या शेडपुढं टेबलावर राजवर्धननं सगळं मांडून ठेवलं होतं. पांढरं पिंप, काचेची नळी, यीस्टची पुडी, रसाची चकचकीत पिशवी. घरच्या घरी लाल वाइन करायचं हे सामान त्याच्या मेव्हण्यानं कॅनडाहून येताना आणलं होतं. रस आणि साली पिंपात एकत्र करायच्या, वर यीस्ट टाकायचं, आठवडाभर हलवत राहायचं. सालींचा रंग रसात उतरतो. आज वडिलांच्या, जोतीरामआबांच्या समोर पिंप भरायचं होतं. ही वाइन जमली तर ओढ्याकडच्या दोन एकरांतले थॉमसनचे, हिरव्या द्राक्षांचे वेल उपटून तिथं काळी द्राक्षं लावायची, एवढं त्यानं महिनाभर भांडून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आबा खुर्चीत बसून होते. "तासगावात ऱ्हाऊन साली कॅनडातनं," असं ते दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. "उद्या बांधावरची माती बी खोक्यातनं मागवंल."

"काय केलंस हे?" राजवर्धननं परात पुढं ओढली. "झाकून ठेव म्हणालो होतो ना? सालींच्या पिशवीला भोक पडलं होतं म्हणून तुझ्याकडं दिलं. पातेल्यात काढायचं, गार जागी ठेवायचं, बास!"

"काढलं की पातेल्यात. बघती तर समदं काळं. वास बी आंबूस." हरणाबाईचा आवाज खाली आला. "तुमी म्हणाला व्हता, माल पहिल्या प्रतीचा हाय, खराब झाला तर तुझ्याकडं बघीन. मला वाटलं, माझ्याच हातनं नासला. मी जतहून कामाला आल्याली बाई, मला कोण ओळखतंय हितं? म्हणून धुरी दिली."

बारा हंगाम ती या शेडात बेदाणा निवडत होती. हिरवा एका ढिगात, पिवळा एका ढिगात. काळा दिसला की खराब म्हणून बाजूला. काळा दाणा तिच्या हातून पुढं गेला, असं एकदाही झालं नव्हतं.

"अडाणी ते अडाणीच," राजवर्धन आबांना म्हणाला. हरणाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "बारा वर्षं द्राक्षांत हात घालून काळं कुठलं आणि नासकं कुठलं ते कळत नाही. असल्या लोकांना घेऊन कसली वाइन होते? नाशिकची शिकलेली माणसं आणावी लागतील."

आबांनी परातीतली एक साल उचलली, चावली आणि बाजूला थुंकली.

"धुरी चोख बसलीया," ते म्हणाले. मग हरणाबाईकडं वळले. "तुला ह्यानं सांगिटलं न्हाई, काळं कशाला पायजे ते?"

"इचारलं मी. दोनदा इचारलं."

"मग?"

ती राजवर्धनच्या पायांकडं बघत राहिली.

"तिला काय सांगायचं, आबा?" राजवर्धन म्हणाला. "आंबवण्याचं शास्त्र सांगू? हा कागद इंग्रजीत आहे."

"तुला येतंय न्हवं इंग्लिश?"

"मला येतं हो. तिला मराठी तरी कुठं वाचता येतंय?"

"व्हय. ते बी खरंच."

राजवर्धननं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. गंधकाची धुरी दिलेल्या सालींचं काय करायचं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यानं मूठभर साली नाकाशी नेल्या आणि तोंड फिरवून शिंकला.

"दुसरं सामान मागवतो," तो म्हणाला. "महिन्याभरात येईल."

"नगं. ओढ्याकडचं वेल हाय तसं ऱ्हाऊ दे."

"आबा! एका बाईच्या चुकीपायी?"

"तिच्या न्हाई," आबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

राजवर्धननं टेबलाखालून रिकामा खोका ओढला. परवापासून हा खोका घरात, राजवर्धनच्या कपाटात होता. नळी, पुडी, पिशवी तो एकेक करून आत टाकू लागला. खोक्याच्या अंगावर मोठं रंगीत चित्र होतं. काळ्या द्राक्षांचा घड आणि शेजारी काठोकाठ भरलेला पेला, जांभळाच्या रसासारखा गडद.

हरणाबाईनं परात खाली ठेवली. हात पदराला पुसले आणि वाकून त्या पेल्यावर बोट टेकवलं.

"असं करायचं व्हतं व्हय?"

राजवर्धननं होकारार्थी मान हलवली.

"मग एवढं दावायचं व्हतं की, दादा," ती म्हणाली. "चित्राला काय वाचाय लागतंय?"