संचालकांमध्ये बदल नाही

दोघा भावांची सुट्या भागांची कंपनी बारा वर्षांपूर्वी भांडणात बंद पडली. कागदोपत्री मात्र ती जिवंतच राहिली, कारण कायमची मिटवायची तर दोघांना समोरासमोर बसावं लागलं असतं. करसल्लागार दरवर्षी व्यवहार शून्य दाखवून फॉर्म पाठवायचा आणि दोघं आपापल्या घरून ऑनलाइन सही करायचे. आधी थोरला, मागोमाग धाकटा. भांडण भांडणाच्या जागी, मान मानाच्या जागी.

यंदा सल्लागारानं ठरवलं, म्हाताऱ्यांना एकत्र बसवायचंच. तो आधी धाकट्याकडे गेला.

धाकट्याची बायको पाण्याचा पेला पुढे ठेवत म्हणाली, "हे जाऊन दोन वर्षं झाली. सही मीच करते. दादांना सांगू नका, हाय खातील ते."

तिथून तो थोरल्याकडे पोचला. थोरल्याच्या मुलीनं त्याला आत घेऊन दार लोटलं.

"बाबा तीन वर्षांपूर्वीच गेले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण काकांना कळू देऊ नका. वर्षातून एकदा बाबांची सही दिसते, तेवढाच त्यांना आधार."

ऑफिसात परतून त्यानं फॉर्म उघडला. 'संचालकांमध्ये काही बदल?' या रकान्यापाशी त्याचा हात बराच वेळ अडला. मग त्यानं 'नाही' लिहिलं आणि फॉर्म दोन्ही घरी पाठवून दिला.

 

आधी थोरल्याची सही आली. मागोमाग धाकट्याची.